बाहेरचं युनिट

मे महिन्याच्या अठरा तारखेला
दुपारी सव्वादोनला
एसीने एक उचकी दिली आणि गप्प झाला.
आधी वाटलं, लाईट गेली.
पण पंखा फिरत होता,
म्हणजे वरची धग खाली आणून
प्रसादासारखी वाटत होता, कुणालाही न वगळता.

चौतीस वर्षं भुसावळच्या शेडमध्ये मी इंजिनं खोलली.
नुसत्या आवाजावरून सांगायचो, कुठलं बेअरिंग गेलं ते.
आणि हा पांढरा डबा
माझ्याकडे पाहून लाल दिवा मिचकावत राहिला,
सहा वेळा, मग थांबून परत सहा वेळा.
पुस्तिकेत सहाचा अर्थ दिला होता:
सेवा केंद्राशी संपर्क साधा.

वसीम पिंजारी कुठल्याशा गच्चीवर होता,
फोनवर धापा टाकत.
"काका, तुमचा नंबर एकतिसावा. परवा, नाहीतर तेरवा.
पान्हा हातात धरवत नाही हो,
ओल्या फडक्यात गुंडाळून धरतो."
मी म्हणालो, ये बाबा, जमेल तसा.
तो पान्हा माझ्या ओळखीचा आहे.

मंदाकिनीने चादर पिळून दाराला लावली,
ती वाळली, पुन्हा पिळली.
फरशीवर बादली ओतली,
फरशी ती पाहता पाहता प्यायली.
उशीचे अभ्रे फ्रीजमध्ये, भेंडीच्या शेजारी.
माझ्या सदऱ्याच्या खिशात कांदा,
घराबाहेर पाऊल न टाकणाऱ्या माणसाच्या!

संध्याकाळी बेडरूमच्या खिडकीची चिकटपट्टी ओढली.
गारवा जाऊ नये म्हणून चार वर्षांपूर्वी लावलेली.
तिच्याबरोबर रंगाचा एक पापुद्राही निघाला.
समोर तीन फुटांची बोळ,
बोळीत आमचं बाहेरचं युनिट,
आणि युनिटच्या थेट तोंडासमोर
कुसुमताई फेगडेंच्या स्वयंपाकघराची खिडकी.
उघडी.

"बंद पडलं वाटतं तुमचं," ती म्हणाली.
आवाजात ना आनंद, ना कीव.
"चार उन्हाळे खिडकी लावून पोळ्या लाटल्या मी."
बोलला नाहीत कधी?
"कुणाशी बोलू? तुमची पण बंदच की."
मग पोळपाटावर पीठ झटकत हसली,
"एक मात्र होतं,
भूषणचा ड्युटीचा शर्ट रात्री धुतला
तरी तासाभरात कडक. आता सकाळी दमट घालतो."

मला काही सुचेना.
मंदाकिनीने ताकाची कळशीच पुढे केली.
पलीकडून कळण्याची भाकरी आली, वर ठेचा.
हात लांब करावा लागला, पण पोहोचला.

त्या रात्री झोप कुणाला.
दोनच्या सुमाराला यार्डातून मालगाडी निघाली,
मी अंधारातच बोललो, डब्ल्यूएजी-नाईन.
"माहितीय," मंदाकिनी म्हणाली,
"चार वर्षांत पहिल्यांदा सांगितलंत."

तिसऱ्या दिवशी वसीम आला.
उभ्यानेच दोन तांबे पाणी प्यायला.
अंगठ्याएवढा कपॅसिटर, पोट फुगलेला.
साडेसातशे रुपये.
युनिट वर गच्चीवर नेता येईल का, मी विचारलं.
"येईल. पाईप, गॅस, स्टँड, साडेचार हजार.
पण जूनच्या आत नावच काढू नका."
त्याने बटण दाबलं.
दिवा हिरवा झाला, अंगावर काटा आला,
आणि बोळीपलीकडे खिडकीची कडी लागली.
रागाने नाही. सवयीने.

सध्या साडेसातला आम्ही एसी बंद करतो.
घाम येतो. येऊ दे.
पुण्याहून मुलगी विचारते, हप्ते तीच भरते ना,
"बाबा, परत बिघडला का?"
मी म्हणतो, हो, रोज तासभर बिघडतो.

पोळ्या झाल्या की कुसुमताई
भूषणचा ओला शर्ट गजाला अडकवते
आणि काच ओढून घेते.
शर्ट दिसला
म्हणजे सिग्नल पडला.
मग मी रिमोट उचलतो.